फ्रँचायझी करार वकिलाला दाखवला, त्याची हकिगत

२२ एप्रिलला मी एका प्रीस्कूल साखळीच्या फ्रँचायझी करारावर सही केली. मसुदा हातात आला होता जानेवारीत. मधला सगळा वेळ वकील, सीए आणि कंपनी यांच्यात ये-जा करण्यात गेला. 'एवढं काय होतं त्या करारात?' असं बऱ्याच जणांनी विचारलं, आणि त्यातले दोघं-तिघं स्वतःच असल्या करारापाशी येऊन थांबलेले आहेत. म्हणून घडलं तसं लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. तिच्यावर राग नाही, आणि वकील मॅडमच्या म्हणण्यानुसार ही कलमं थोड्याफार फरकाने सगळ्याच साखळ्यांच्या करारात असतात.

आधी आकडे. फ्रँचायझी फी ३ लाख, वर १८% जीएसटी, म्हणजे ३,५४,०००. एक लाख अनामत. पालकांकडून येणाऱ्या फीवर १५% रॉयल्टी. रंगकाम, फर्निचर, खेळणी, बोर्ड धरून आठ-नऊ लाख वेगळे. मुदत पाच वर्षं, त्यातली पहिली तीन वर्षं लॉक-इन, म्हणजे तोवर मधूनच सोडता येणार नाही. आमच्यासाठी ही रक्कम म्हणजे जवळपास सगळी शिल्लक होती.

मसुदा ४६ पानांची पीडीएफ होती. सोबतच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की ३१ जानेवारीपर्यंत सही केली तर फीमध्ये ५०,००० रुपयांची सवलत. त्यानंतर रोज सेल्सवाल्यांचा फोन. "मॅडम, स्टँडर्ड ॲग्रीमेंट आहे, सगळे हेच साइन करतात." जूनच्या प्रवेशांची घाई मलाही होती आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. वकिलाला दाखवते म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता, मग "हो हो, जरूर दाखवा, पण बदल काही होत नाहीत त्यात." आपण अविश्वास दाखवतोय असं वाटून तेव्हा मला कानकोंडं झालं होतं. आता वाटत नाही. पुढे ती सवलतीची तारीख कितीदा पुढे गेली ते पाहिल्यावर तर अजिबातच नाही.

वकील शोधणं मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. बार काउन्सिलच्या नियमांमुळे आपल्याकडे वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे शोधून-चाळून निवडावं असं फारसं काही नसतं. घरच्या जमिनीचं काम पाहणाऱ्या वकील काकांना आधी विचारलं. त्यांनी पहिली चार पानं चाळली आणि म्हणाले, "हे वाचून मी मत देईन, पण ते तुझ्या कामाचं नसेल. करारांचं काम करणाऱ्याकडे जा." हा सल्ला त्यांनी फुकट दिला आणि तो लाखमोलाचा होता. शेवटी सीएकडून दोन नावं मिळाली. दोघांना फोनवर तेच प्रश्न विचारले: फ्रँचायझीचे किंवा डिस्ट्रिब्युटरशिपचे करार पाहिलेत का, कधी कंपनीच्या बाजूने असा करार लिहिलाय का, आणि मत लेखी द्याल का. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या मॅडमकडे गेले. ज्यांनी स्वतः अशी कलमं लिहिलीत त्यांना ती कुठे वाकतात हेही माहीत असतं, एवढाच माझा हिशोब. फी ठरली ती अशी: पहिली भेट २,०००, पूर्ण वाचन आणि लेखी टिपण १८,०००, आणि पुढे कंपनीशी बोलणी व पुरवणी करार करायचा तर १०,०००. वकिलाच्या बिलावर जीएसटी लागला नाही. माझा धंदा सुरूच झालेला नव्हता.

भेटीआधी त्यांनी नुसता करार मागितला नाही. ब्रोशर, नफ्याचा अंदाज दाखवणारी एक्सेल, सगळे ईमेल, व्हॉट्सॲपचे मेसेज, सगळं पाठवायला सांगितलं. शिवाय एक पान मी स्वतः लिहायचं होतं: तोंडी काय काय सांगितलं गेलंय. माझ्या पानावर आलं ते असं: तीन किलोमीटरमध्ये दुसरी शाखा देणार नाही, १८ महिन्यांत ब्रेक-इव्हन (म्हणजे घातलेला पैसा भरून निघणं), शिक्षकांचं प्रशिक्षण दरवर्षी मोफत, पहिल्या वर्षी रॉयल्टीबाबत 'ॲडजस्ट करू'. तुम्ही कुठल्याही वकिलाकडे जा, हे पान आधी लिहा. कारण करारात शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम होतं की हा लेखी करार हाच संपूर्ण करार, याआधीची सगळी बोलणी, आश्वासनं, सादरीकरणं रद्द. माझ्या पानावरचं जवळपास काहीच त्या ४६ पानांत नव्हतं.

मग त्यांनी पार्श्वभूमी सांगितली. अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक द्यावंच लागतं. त्यात जुने खटले, बंद झालेल्या शाखा, सगळं येतं. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा, १९९६ चा लवाद कायदा, असे तुकडे जोडून काम चालतं. म्हणजे माहिती कुणी आणून देणार नाही, आपण खणायची. त्यांनी मला गृहपाठ दिला, आणि हा भाग वकिलाशिवायही करता येतो, म्हणून जरा नीट सांगते.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं की संचालक कोण, कंपनी कधी स्थापन झाली, शेवटचा ताळेबंद कधी भरला हे फुकट दिसतं. कंपनीने भरलेली कागदपत्रं उघडून पाहायला १०० रुपये लागतात. ताळेबंद मला वाचता येत नाही, तो सीएने वाचला. ट्रेडमार्कचा शोध सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. नाव टाकायचं आणि शिक्षणासाठीचा वर्ग ४१ निवडायचा. अर्ज केलेला असणं आणि नोंदणी झालेली असणं यात फरक आहे, म्हणून 'स्टेटस'चा रकाना नीट पाहा. इथे माझ्यासमोर एक गोष्ट आली. ट्रेडमार्क नोंदलेला होता, पण कंपनीच्या नावावर नाही, संस्थापकाच्या वैयक्तिक नावावर. मला वाटलं, एकच की. मॅडमना तसं वाटलं नाही. "जे नाव वापरायला तुम्ही तीन लाख देताय, ते देणाऱ्याचं नाहीये. उद्या दोघांचं बिनसलं तर?" संस्थापकाने कंपनीला ते नाव वापरायला आणि पुढे दुसऱ्यांना द्यायला परवानगी दिल्याचा कागद आम्ही मागितला. तो महिन्याभराने आला. तो तेव्हाच तयार केलेला असावा असा माझा संशय आहे, पण आला.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, वर्ष निवडून पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. कंटाळवाणं काम आहे आणि कॅप्चा जीव खातो, पण कंपनीचं मुख्यालय असलेल्या दिल्लीतल्या न्यायालयांपासून सुरुवात करा. मला कंपनीने जुन्या फ्रँचायझीधारकांवर केलेली काही चेकची प्रकरणं सापडली. त्याचा संबंध पुढे येईल.

शेवटचं काम जुन्या लोकांशी बोलायचं. कंपनी ज्यांचे नंबर देते ते खूश असतातच. मॅडम म्हणाल्या, बंद झालेल्यांशी बोला. ते कुठे शोधायचे? गुगल मॅप्सवर साखळीचं नाव टाकून 'कायमचे बंद' असा शेरा असलेल्या शाखा पाहिल्या, आणि तिथल्या जुन्या नंबरांवर फोन केले. बहुतेक लागले नाहीत. एक बाई मात्र भरभरून बोलल्या. शाळा चालवण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती शाळा बंद करण्याबद्दल. अनामत मिळायला लागलेला वेळ, उरलेल्या साहित्याचं कुणी न घेणं, आणि हाती अडकलेले चेक.

६ फेब्रुवारीला लेखी टिपण घेऊन बसलो तेव्हा मॅडमनी करार मागून उघडला. पहिलं पान नाही, थेट 'मुदतपूर्व समाप्ती'. "शाळा छान चालली तर हा कागद कोणी कपाटातून काढणार नाही. तो निघतो बंद करताना. तर बंद करून बघू." आणि त्यांनी कोऱ्या कागदावर हिशोब मांडला. समजा चौदाव्या महिन्यात मी थांबले. लॉक-इनचे उरले २२ महिने. करारात किमान रॉयल्टी दरमहा १५,०००, मुलं किती का असेनात. उरलेल्या महिन्यांची ती भरायची, म्हणजे ३,३०,०००. अनामत जप्त, एक लाख. फ्रँचायझी फी परत नाही. बोर्ड, रंग, छापील साहित्य काढून टाकायचा खर्च माझा. जागेच्या भाड्याचं लॉक-इन वेगळं. फर्निचर निम्म्याला गेलं तर नशीब. खाली बेरीज केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सही करा की नको, हे मी सांगणार नाही. हा आकडा घराला सोसेल का, ते तुम्ही ठरवा."

त्या रात्री झोप लागली नाही, हे कबूल. पण नुसत्या 'होईल ना सगळं नीट?' या भीतीपेक्षा कागदावरचा आकडा बरा. त्याच्याशी भांडता तरी येतं.

मी विचारलं, एवढा दंड कायद्यात बसतो का? उत्तर थोडं गुंतागुंतीचं होतं. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. म्हणजे ३,३०,००० जसेच्या तसे मिळतीलच असं नाही. पण हे म्हणायला आधी भांडावं लागतं. करारात लवाद, म्हणजे न्यायालयाऐवजी पंचाकडून निवाडा, तोही दिल्लीत, आणि पंच नेमणार कंपनी एकटी. आणि मधल्या काळात कंपनीच्या हातात माझे तीन सही केलेले, तारीख-रक्कम न टाकलेले चेक. ते वटले नाहीत तर चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. तारण म्हणून दिलेला चेक आहे एवढ्या सबबीवर आपोआप सुटका नसते. ई-कोर्ट्सवर पाहिलेली प्रकरणं हीच होती. कायदा आपल्या बाजूला असणं आणि आपलं काम होणं यातलं अंतर मला त्या दुपारी कळलं.

स्पर्धाबंदीचंही तसंच. करार संपल्यावर तीन वर्षं मी कुठेही प्रीस्कूल, पाळणाघर किंवा शिकवणी चालवायची नाही, असं कलम होतं. मी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करून अकरा वर्षं शिकवलंय, दुसरं मला येत नाही. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंद्याला अटकाव करणारा करार रद्दबातल असतो. करार चालू असेपर्यंतचं बंधन मात्र चालतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या फ्रँचायझीच्याच प्रकरणात ते मान्य केलं होतं. करार संपल्यानंतरचं बंधन सहसा टिकत नाही. "मग राहू दे की ते कलम," मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, टिकत नाही म्हणून तुम्हाला नोटीस येणार नाही असं नाही. काढता येत असेल तर काढायचं.

सगळ्यात जड गेलं ते जामीनदाराचं पान. नवऱ्याची सही वैयक्तिक हमीदार म्हणून हवी होती, रकमेला मर्यादा नाही. हमीदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते आणि आधी माझ्याकडून वसूल करा असं त्याला म्हणता येत नाही, हे करार कायद्याचं कलम १२८ मॅडमनी त्याच्यासमोरच सांगितलं. मी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढून करार करायचं बोलत होते, म्हणजे घर सुरक्षित. ते त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं: एलएलपीने भिंत बांधायची आणि हमीपत्राने तिला दार पाडायचं, तर भिंत कशाला?

इकडे सीएने वेगळाच मुद्दा काढला, तो वकिलाच्या टिपणात नव्हता. प्रीस्कूलच्या शिक्षणावर जीएसटी माफ आहे. ऐकायला छान, पण त्याचा अर्थ पालकांकडून जीएसटी घ्यायचा नाही आणि मी कंपनीला रॉयल्टीवर भरलेल्या १८% ची वजावटही मला मिळणार नाही. म्हणजे १५% रॉयल्टी माझ्या खिशातून जाताना १७.७% होते. कंपनीच्या नफ्याच्या एक्सेलमध्ये १५ च धरले होते. वकील आणि सीए दोघांनीही करार वाचायला हवा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. सीएने याचे ३,००० घेतले.

जागेचा गोंधळ आमचा आम्हीच पकडला. मालक लीव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचं करायला तयार, फ्रँचायझी पाच वर्षांची, आणि जागा बदलायची तर कंपनीची परवानगी आणि नवीन 'लोकेशन फी'. मालकांशी बोलून पाच वर्षांचं केलं. माझ्यावर लॉक-इन एकच वर्ष, त्यांच्यावर पाचही वर्षं. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं बंधनकारक आहे, तो नोंदवला. भाडं पाच टक्के जास्त द्यावं लागलं.

बोलणी मार्चभर चालली. मॅडमनी एक युक्ती शिकवली जी मला आपण होऊन सुचली नसती. कंपनीचा छापील मसुदा बदलायला सांगायचाच नाही. त्यांच्या खालच्या माणसांना तो अधिकार नसतो आणि 'पॉलिसी नाही' हे उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी तीन पानांचा पुरवणी करार मागायचा. त्याच तारखेचा, आणि मूळ कराराशी विसंगती आली तर हाच ग्राह्य, असं त्यात पहिल्याच ओळीत. शिवाय सही करणाऱ्याला तो अधिकार असल्याचा संचालक मंडळाचा ठराव. आम्ही मुद्दे थोडे ठेवले. मॅडमच्या टिपणात तिसाच्या आसपास शेरे होते. त्यातले मोजके घेतले, बाकीचे सोडले. सगळंच मागितलं तर समोरचा काहीच वाचत नाही.

उत्तरं आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येत. सवलत मात्र आधी १५ फेब्रुवारी, मग २८, मग ३१ मार्च, आणि शेवटी 'स्पेशल केस' म्हणून एप्रिलमध्येही चालू होती.

मिळालं ते असं. तीन किलोमीटरऐवजी पिन कोड आणि नकाशा जोडून हद्द ठरली. अंतर हवाई मोजायचं की रस्त्याने, हा वादच नको. पहिल्या शैक्षणिक वर्षात किमान रॉयल्टी नाही. लॉक-इनमध्ये थांबले तर उरलेले सगळे महिने नाहीत, कमाल सहा महिन्यांची सरासरी रॉयल्टी. तीनऐवजी एक चेक, त्याचा क्रमांक आणि कारण करारात, रक्कम चेकवर आधीच लिहिलेली. लवादाचा पंच दोघांच्या संमतीने. एका पक्षाने एकट्याने नेमणं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर तसंही टिकणं कठीण, म्हणून यावर ते पटकन आले. ठिकाण दिल्लीच राहिलं, पण सुनावणी ऑनलाइन घेता येईल असं आलं. स्पर्धाबंदी एक वर्ष आणि फक्त त्याच पिन कोडपुरती. नवऱ्याच्या हमीला पाच लाखांची मर्यादा. तो म्हणाला, "पाच लाखांचं टेन्शन घेता येतं, अमर्याद टेन्शन नाही घेता येत." आणि सही केली.

'१८ महिन्यांत ब्रेक-इव्हन' लिहून द्यायला ते कुठल्याही रूपात तयार झाले नाहीत. यावर मॅडम हसल्या फक्त. कंपनीचे ऑनलाइन वर्ग माझ्या हद्दीतल्या पालकांना विकायचे नाहीत, हेही मान्य झालं नाही. नूतनीकरणाची फी 'त्या वेळच्या प्रचलित दराने' हे कलमही तसंच राहिलं.

सहीचा दिवस त्यामानाने किरकोळ. कंपनीचा आग्रह होता की करार दिल्लीच्या स्टँपवर करून कुरियरने पाठवू. मॅडम म्हणाल्या, काम महाराष्ट्रात होणार, कागद इथे येणार, तर मुद्रांकातला फरक इथे भरावा लागू शकतो. कमी मुद्रांकाचा कागद न्यायालयात पुरावा म्हणून दंडासह फरक भरेपर्यंत चालत नाही. म्हणून इथेच, ५०० च्या स्टँपवर, दोन मूळ प्रती केल्या. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, नकाशा आणि परिशिष्टांवरही. संस्थापकाचं परवानगीपत्र आणि मंडळाचा ठराव मागे जोडला. पैसे आरटीजीएसने, तेही त्यांच्या सहीची मूळ प्रत हातात आल्यावर. मधे 'जागा बुक करायला' २५,००० टोकन मागत होते. ते परत मिळेल का, हे ईमेलवर विचारलं तर उत्तरच आलं नाही, म्हणून दिलं नव्हतं.

वकील, सीए, पोर्टलची फी, स्टँप आणि झेरॉक्स धरून सगळा खर्च साडेतेहतीस हजारांच्या आसपास गेला. जूनमध्ये वर्ग सुरू होतील. नूतनीकरण हवं असेल तर मुदत संपायच्या सहा महिने आधी लेखी कळवायचं आहे, नाहीतर हक्क गेला. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली आहे, आणि नवऱ्याच्याही.